‘खाली’ लिहिलेले खोके

पुण्याहून आधी नागपूर गाठले आणि तिथून गुरुवारी सकाळी सहाची बस धरली. बरोबर एक वही, दोन दिवसांचे कपडे आणि जबलपूरच्या कांचघर भागातला एक पत्ता. पोर्सेलिनची, म्हणजे पांढऱ्या पातळ चिनीमातीची शिल्पे करणारी मृणाल तिथे राहते. तिचे काम पाहायचे, शुक्रवारी परतायचे आणि परतताना तिचे एक शिल्प नागपूरच्या एका कलादालनात पोचवायचे, असे ठरले होते. पोचवण्याचे काम त्यांतले सर्वांत सोपे वाटले होते.

खवाशाला महाराष्ट्र संपतो. पुढे पेंचच्या जंगलात रस्ता उंच खांबांवर चढतो आणि दोन्ही बाजूंना भिंती येतात. खालून जनावरे जातात, वरून माणसे. शिवनीला पोहे खाल्ले. जबलपूर आले तेव्हा साडेबारा वाजले होते.

रिक्षावाल्याने पत्ता ऐकून विचारले, “चीनी मिट्टीवाली दीदी के यहाँ? कांचघर में रहती हैं और टूटने वाली चीज़ें बनाती हैं!” हा विनोद त्याने पहिल्यांदा केला नव्हता, हे त्याच्या हसण्यावरून कळत होते.

मृणाल चौतिशीची आहे. बँकेत अधिकारी. वर्षभरापूर्वी तिने बिनपगारी रजा घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत विजेची भट्टी बसवली. भट्टी घरातल्या फ्रिजएवढी. रजा येत्या सोमवारी संपत होती. नागपूरच्या कलादालनाने प्रदर्शनाच्या निवडीसाठी एक शिल्प मागवले होते. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ते तिथे पोचायला हवे होते, आणि निकाल रविवारी लागणार होता.

“निवड झाली तर राजीनामा, नाही झाली तर सोमवारी साडेनवाला काउंटर,” ती म्हणाली. “बाबांना शब्द दिलाय.”

बाबा दारात उभे होते. चाळीस वर्षे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात काढून निवृत्त झालेले. “आम्ही फुटायसाठी वस्तू बनवायचो,” ते म्हणाले. “हे न फुटायसाठी बनवून राहिली, अन् हिच्याच फुटून राहिल्या.”

“बाबा, चलो, झालं तुमचं?”

बाबांचे म्हणणे खोटे नव्हते. खोलीच्या कोपऱ्यात पाच शिल्पांचे तुकडे टोपलीत ठेवलेले होते. मृणाल बड्या फुहाऱ्याच्या कापडबाजारातून मलमलीचे तुकडे आणते. कागदाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून तिचे गाठोडे बांधते आणि ते चिनीमातीच्या घोळात (पातळ कालवलेल्या मातीत) बुडवते. साडेबाराशे अंशांना कागद जळतो, कापडही जळते. उरते ते मातीचे गाठोडे. कापडाची वीण, सुरकुत्या, गाठीच्या दशा, सगळे जसेच्या तसे असते आणि आत काही नसते. पहिली पाच तडकली किंवा भट्टीत खचली. सहावे टेबलावर होते. तिने मागे दिवा धरला. गाठोड्यातून उजेड आरपार आला.

“उचला,” ती म्हणाली.

मी नको म्हणालो.

तिने टोपलीतला एक तुकडा घेऊन नखाने टिचकी मारली. थप्प असा आवाज आला. मग टेबलावरच्या गाठोड्याला मारली. बारीक, लांबणारा नाद आला. “तडा डोळ्यांना दिसत नाही कधीकधी. कानांना कळतो. वाजलं म्हणजे शाबूत.”

तिला स्वतःला नागपूरला येता येत नव्हते. शुक्रवारी दुपारी आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. या गाठोड्यांच्या आधी कुरिअरने पाठवलेले एक शिल्प चुरा होऊन पोचले होते. म्हणून मी.

चारच्या सुमारास आम्ही अंगणात खोके भरले. कापूस, मलमल, पुन्हा कापूस. मृणालने शेवटची चिकटपट्टी लावली आणि आईला औषध द्यायला आत गेली. खोके उलटे होऊ नये म्हणून मी जाड पेनाने झाकणावर ‘वर’ लिहिले. मग बाबांनी ते अलगद उचलून धरले आणि मी बुडावर ‘खाली’ लिहिले. बाबांनी वाचले, मान हलवली आणि खोके नीट, लिहिल्याप्रमाणे, खाली टेकवले.

शेजारच्या दुबे चाची वाटी परत करायला आल्या. त्यांनी झाकण वाचले. “वर? किसका वर? मृणाल के लिए लड़का मिल गया क्या, भाईसाहब? डब्बे में बंद करके रखा है?”

“भाग न जाए इसलिए,” मृणाल आतून म्हणाली.

सगळे हसले. हिंदीत ‘वर’ म्हणजे फक्त नवरामुलगा, हे मी वहीत टिपून घेतले. खोके उलटून दुसऱ्या शब्दाचा विचार करावा, असे कोणाला सुचले नाही.

शुक्रवारी आठ वाजता भाड्याची गाडी आली. चालकाचे नाव रज्जू. खोके मी मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. मृणाल आईला घेऊन रुग्णालयात निघाली होती. तिने खिडकीतून खोक्यावर दोन बोटे टेकवली आणि गेली.

बाबांनी बजावले होते, “बडा फुहारा लागते रस्त्यात. खोव्याची जलेबी नेल्याशिवाय जाऊ नका.” मी थांबलो. ही दुसरी चूक. जलेबी काळसर, जाड आणि गरम होती. रांगेत पंधरा मिनिटे गेली. परत आलो तेव्हा मागच्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

“शिवनी तक जाएँगे, अपने ही आदमी हैं,” रज्जू म्हणाला.

“यहाँ का डब्बा कहाँ है?”

“वो खाली वाला? वो तो दे दिया, गत्तेवाले को.”

गत्तेवाला म्हणजे पुठ्ठ्याची रद्दी घेणारा. मी म्हणालो की डब्बा भरलेला होता, आत चिनीमातीचे गाठोडे होते.

“कहाँ भैया! उठाया तो हवा जैसा. और नीचे बड़ा-बड़ा लिखा था, खाली.”

मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामे. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. लिहिताना आठवले नाही. शिल्प जितके चांगले, तितके ते हलके. डब्बा उचलणाऱ्याला संशय यायचेही कारण नव्हते.

हातगाडी गल्लीत गेली होती. रज्जू पुढे धावला, मी मागे. कापडाच्या दुकानांची शटर उघडत होती आणि दोन ठिकाणी वाट अडवली गेली. तिसऱ्या वळणावर आवाज ऐकू आला. धप्प. थोडे थांबून पुन्हा धप्प. गत्तेवाला खोकी एकेक करून जमिनीवर ठेवत होता आणि टाचेने दाबून चपटी करत होता.

“रुको! पैर मत रखना!” रज्जू ओरडला.

गत्तेवाल्याने पाय तसाच वर धरला. पायाखालचे खोके आमचे नव्हते. आमचे भिंतीशी होते आणि त्यावर चपट्या पुठ्ठ्यांचा गुडघाभर ढीग होता.

“नया डब्बा है, इसको नहीं तोड़ते, पूरा बिकता है,” तो म्हणाला. “क्या था इसमें?”

“गठरी,” रज्जू म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. “टूटी तो नहीं?”

झाकणाचा एक कोपरा आत दबला होता. मी मृणालला फोन लावला. ती रुग्णालयात, आईच्या नंबराची वाट पाहत होती. झाले ते मी क्रमाने सांगितले.

“खाली काहून लिहिलं तुम्ही?” तिने शेवटी विचारले. आतापर्यंत ती माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत होती.

“लिहिताना सुचलं नाही,” मी म्हणालो.

“अच्छा. उघडू नका. तसं भरणं तुम्हाला जमणार नाही. हलकेच कलवा. खुळखुळतं?”

“नाही.”

“म्हणजे शाबूत आहे. नाहीतर कापसाने तुकडे धरून ठेवलेत.” मागून कोणीतरी हिंदीत नंबर पुकारला. “निघा तुम्ही.”

साडेनऊ वाजता निघालो. शिवनीचे गृहस्थ स्वतःहून पुढे जाऊन बसले. खोके मी मांडीवर घेतले. पाचच्या आत पोचायचे तर वेग हवा होता आणि खोक्यासाठी वेग नको होता. प्रत्येक गतिरोधकाआधी रज्जू “संभालो” म्हणायचा आणि मी खोके मांडीवरून चार बोटे उचलून धरायचो. जलेबी कोणी खाल्ली नाही. पेंचच्या भिंतींमध्ये ट्रकची रांग लागली आणि पाऊण तास गेला. त्या वेळात मी खोके दोनदा कलवून पाहिले. काही वाजले नाही. त्यावरून काहीच ठरत नव्हते.

कलादालनाच्या दारात पोचलो तेव्हा पाचाला वीस मिनिटे होती. व्यवस्थापक बाईंनी कात्रीने पट्टी कापली आणि कापूस थराथराने उचलला. गाठोडे आकाराने पूर्ण होते. गाठीची एक दशी तुटून कापसात पडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मी नखाने टिचकी मारली.

नाद आला. बाई आणि रज्जू दोघेही तो संपेपर्यंत गाठोड्याकडे कान लावून होते.

फोनवर मृणालने विचारले, “वाजलं?”

“वाजलं. एक दशी गेली.”

“ती टाकू नका.” मग तिने सांगितले, “आईचं झालं. नीट झालं.”

अर्जावर शिल्पाचे नाव लिहायचे होते. तिने नाव ठेवलेच नव्हते. मी विचारले.

“तुम्ही लिहिलंच आहे ना बुडावर,” ती म्हणाली. “तेच राहू द्या.”

मी लिहिले. बाईंनी अर्ज फिरवून वाचला.

“खाली?” त्या म्हणाल्या. “कशाच्या खाली?”

रज्जूला मराठी येत नाही, पण या वेळी तो माझ्याआधी हसला.

रविवारी निवड झाल्याचे कळले. सोमवारी साडेनवाला मृणाल बँकेत गेली, पत्र देऊन दहाला घरी आली. बाबा काय म्हणाले, असे मी विचारले. “म्हणाले, आता आणखी फुटतील.”

मी पुण्याला परतलो. प्रवासात काय पाहिले असे लोक विचारतात, तेव्हा नर्मदेचे नाव अपेक्षित असते. मी नर्मदा पाहिली नाही. एक शब्द पाहिला, जो मी रोज वापरतो आणि जो खवाशापलीकडे दुसऱ्याच अर्थाने उभा असतो. तिथली मराठी माणसे त्या दोन अर्थांमध्ये रोज ये-जा करतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. बाबांनाही जाणवले नव्हते.

तुटलेली दशी काल मृणालला पाठवली. काडेपेटीत कापूस, कापसात दशी, वर जाड पाकीट. पाकिटावर मी ‘नाजूक’ असे लिहिले. हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, हे आधी हिंदी येणाऱ्या दोघांना विचारून घेतले.