बोडक्याचे दगड

"तुमचा देव ना गो यो? मंग तूच फोड," मुकादम म्हणाला आणि घण माझ्या पायाशी टाकला. खडी फोडणाऱ्या दोघीतिघी हसल्या. माझी आई हसली नाही. मान खाली घालून तिने हातोडी चालूच ठेवली.

टोकावड्याच्या पुढे घाटाकडे रस्ता होत होता. शेजारून बैलांच्या तांड्यांची जुनी वाट. तिच्या कडेला मांडी घालून बसलेला दगडी माणूस. नाक फुटलेलं. डोक्यावर ना मुकुट, ना पागोटं. म्हणून गाव त्याला बोडक्या म्हणायचं. गावात रोगराई आली की पाटलाचा सांगावा महारवाड्यात यायचा, बोडक्याला दगड मारून या. आम्ही जायचो. "तुझी बाधा तुझ्यापाशी" म्हणत मारायचो. मीही मारले. माझा नेम चांगला, कौतुक व्हायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दगडांनी तो गळ्यापर्यंत गाडला गेला होता.

आम्ही धम्म घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्यातलेच एक मास्तर मुरबाडहून आले. बोडक्यापुढे त्यांनी वहाणा काढल्या. "हा बुद्ध आहे," म्हणाले. या वाटेने व्यापारी जायचे, इथे भिक्खू राहायचे, असंही सांगितलं. आईने त्याच्या गळ्याजवळचा एक दगड उचलून बाजूला ठेवला.

"आपल्याच बापाला मारत व्हतो गो आपण."

मग रोज कामावरून परतताना आम्ही मायलेकी दगड उचलायचो. पावसाळ्याआधी तो मांडीपर्यंत मोकळा झाला.

मोकळा झाला, तेव्हाच मुकादमाला तो केवढा दगड आहे ते दिसलं. ढिगात होता तोवर वाचला होता. आम्हीच त्याला उघड्यावर आणलं. हे मला अजून गिळवत नाही.

घण मी उचलला नाही.

"मी नाय फोडणार."

"मंग उद्यापासून येव नको."

दुसऱ्याने घण घेतला. मी नुसती उभी. जेवणाच्या सुट्टीआधी बुद्धाचे तुकडे झाले. ते पाटीतून आईपुढे आले. घरची चूल आता तिच्या एकटीच्या हातावर होती. तिने ते फोडले. एकदाही वर पाहिलं नाही.

आता त्या खडीवरून एसटी घाटाकडे जाते.

त्या दिवसापासून कुणाच्या सांगण्यावरून मी दगड उचललेला नाही. उचलणारही नाही. यापुढे मारीन तो समोर कोण आहे ते नीट बघून मारीन. नेम अजून चांगला आहे.