प्रभाकरकाकांची सहा मिनिटं

शनिवारी सकाळी डीमनहून आइंडहोवनला निघाले. आगगाडीच्या खिडकीबाहेर डच कालवे, गाई, सपाट हिरवं रान. पण बघतंय कोण! मी तीन पानी भाषण पाठ करत होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रभाकरकाकांचा सत्कार होता आणि त्यांचा परिचय करून देण्याचा मान माझा.

काका स्टेशनवर आले ते सायकल हातात धरून. वय एक्क्याऐंशी. पुण्यात संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. नाटकं बंद पडत गेली, तसे इकडे आले. दिवसा कारखाना, संध्याकाळी ब्लूज आणि सोल वाजवणारा बँड, अशी चाळीस वर्षं काढली.

घरी त्यांनी स्टॅम्पपॉट (बटाटा आणि पालेभाजी एकत्र घोटून) वाढलं, वर लसणीची फोडणी. चमचा धरताना बोटं थरथरत होती.

"हाउसआर्त्स (घरचा डॉक्टर) म्हणतो, हात आता फार दिवस साथ देणार नाहीत. आज एकच तुकडा वाजवतो. सहा मिनिटं. डच लोकांनी मला खूप ऐकलं गं, आपल्या माणसांनी एकदाही नाही."

"आज ऐकतील की, काका!"

सभागृहात मंडळाच्या चार इंजिनिअरांनी काकांचा अवजड इलेक्ट्रिक ऑर्गन घामाघूम होऊन आणून ठेवला होता. दीपप्रज्वलन, अध्यक्ष, उपाध्यक्ष, आभार, मग पुन्हा आभार. आपल्याकडे माईक सोडवतो कुणाला?

मला दहा मिनिटं दिली होती. मी पंचवीस घेतली. टाळ्या पडत गेल्या, मी वाहवत गेले. "असा कलावंत आपल्यात आहे आणि आपल्याला पत्ता नाही!" असंही ठणकावलं.

मग शाल, नारळ, फोटो. काका शाल बाजूला ठेवून ऑर्गनपाशी बसले, तोच सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या डच बाई आल्या.

"पाच वाजले. हॉल रिकामा करा."

"फक्त सहा मिनिटं," मी गयावया केली.

"पाच म्हणजे पाच."

"काका, पुढच्या वर्षी नक्की हं!" मंडळाचे सेक्रेटरी हसत म्हणाले. लाज कशी वाटली नाही मेल्याला! आणि मला तरी कुठे वाटली होती?

काकांनी स्वतःच वायर काढली, गुंडाळली. "छान बोललीस," म्हणाले. त्यांनी चिडायला हवं होतं.

परतीच्या गाडीत फोन वाजत राहिला: भाषण मस्त, भाषण मस्त. मी तो पर्समध्ये टाकला. काका कसे वाजवतात, ते मीही कधी ऐकलेलं नाही. पंचवीस मिनिटं मी तेच तर सांगत होते.