पुसलेली फाइल

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये कारखान्याच्या स्टोअर्सचा सर्व्हर मी सांभाळायचो. एका सकाळी डेटाबेसची डिस्क अचानक भरली आणि सुट्या भागांचं वाटप थांबलं. घाबरून मी डेटाबेसच्या नोंदींची फुगलेली एक लॉग फाइल पुसून टाकली, तरी जागा मोकळी होईना.

दुपारी डेटाबेस दुरुस्त करणाऱ्या एक बाई कोलार रोडहून स्कूटरवर आल्या. वय पन्नाशीचं, कपाळावर हेल्मेटचा वळ. नाव त्यांनी सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहिलं नाही. माझं आडनाव ऐकून त्या मराठीत बोलू लागल्या. आधी हात धुऊन कोरडे केले, मगच की-बोर्डला बोटं लावली. स्टोअर्सचे आमचे साहेब म्हणत होते, बाकीचे लॉगही उडवा. ते गेले तर डेटाबेसच उठणार नाही, असं सांगून बाईंनी त्यांना थांबवलं.

त्यांनी सगळ्या फोल्डरांची बेरीज केली. डिस्क भरलेली दिसत होती, पण बेरीज निम्म्या डिस्कएवढीही होईना.

"कुणी मोठी फाइल पुसलीय का?"

साहेब माझ्या मागेच उभे होते. तरी मी सांगितलं, "मीच. सकाळी."

"मग सापडलं. नाव पुसलं गेलं, पण डेटाबेसनं ती फाइल अजून धरून ठेवलीय. त्यानं सोडल्याशिवाय जागा मिळायची नाही."

त्यांनी डेटाबेस नीट बंद करून पुन्हा चालू केला. निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी झाली.

"गलती किसकी थी?" साहेबांनी विचारलं.

पर्सची चेन लावत बाई म्हणाल्या, "इन्होंने बता दिया, सर. नहीं तो मैं शाम तक ढूँढती रहती."

साहेब वाटप सुरू करायला निघून गेले. माझं मात्र बाईंचे आभार मानायचं राहूनच गेलं, याची चुटपुट अजून आहे.