नळी बाहेर येताना

"तुझी आई इथं फरशी धुवायची, तू नळी धू. पडद्याकडं बघायचं काम माझं."

डॉक्टर हे बोलले तवा टेबलावर एक बाई कुशीवर पडली होती. शिरूर कासारकडची, ऊसतोडीला जाणारी. संडासातून रक्त जायचं म्हणून आलेली. दुर्बिणीची नळी तिच्या आतड्यात होती. ती जागी होती. सगळं ऐकत होती.

मी एवढंच म्हणले होते, "सर, त्या घडीमागं कायतरी दिसलं. परत घ्या की."

नळी आत जाताना न्हाई, बाहेर येताना खरं बघायचं असतं. हे मला टेक्निशियनच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. सावकाश यायचं. आतड्याच्या प्रत्येक घडीमागं डोकवायचं. घाण असली तर पाणी सोडून धुवायचं, पेशंटची कूस बदलायची. निदान सहा मिनिटं. पॉलिप म्हणजे मांसाचा बारका कोंब. वेळेवर दिसला, काढला, तर पुढचा कॅन्सर टळतो.

डॉक्टर तीन मिनिटांत बाहेर आले. साखर कारखान्याचे एक संचालक भेटायला थांबले होते.

"आतूनसुद्धा घाणेरडे असतात हे लोक." बाईच्या देखत. मग मला, "आठ मिनिटं लिही. नॉर्मल."

मी आठ लिहिलं.

पोट साफ करायचं औषध लई पाण्यात प्यावं लागतं. तिच्या गावात दुष्काळ. टँकर येईल तवा पाणी. पाच माणसांत दोन घागरी. त्यात दिवसाउजेडी परसाकडं जायला आडोसा न्हाई. तिनं अर्धंच औषध प्यायलं. हे मी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. ते हातमोजे चढवत राहिले.

कशापायी गप बसले मी? कारखाना डॉक्टरांच्या घराण्याच्या हातात. पतसंस्था त्यांची. दवाखाना त्यांचा, माझी पोरगी शिकते ती शाळाबी त्यांची. नवरा कारखान्यात हंगामी. पाऊस न्हाई म्हणून ऊस न्हाई, म्हणून तो घरी. जाणार कुठं? जिथं जावं तिथं त्यांचाच बोर्ड. जयंतीला मी बुद्धविहारात पोरींना सांगायची, ताठ मानेनं जगा. आणि इथं मान खाली घालून नळ्या धुवायची.

दीड वर्षानं ती बाई परत आली. गाठीनं आतड्याची वाट बुजत आलती. तिनं मला ओळखलं.

"ताई, माझंच चुकलं. तवा पाणी पुरलं न्हाई मला."

मी तिची फाईल उचलली आन् आत गेले.

त्याच दुपारी सिरसाळ्याचे एक मास्तर टेबलावर होते. डॉक्टर भराभर बाहेर आले. "आठ लिही."

"साडेतीन झाले सर. साडेतीनच लिहिणार. न्हाईतर परत आत घ्या."

"काय म्हणालीस?"

"पेशंट जागे हायत. त्यांनीबी ऐकलंय."

मास्तरांनी मान वळवली. "बघा की डॉक्टर. मला घाई न्हाई."

नळी परत आत गेली. मी पाणी सोडलं. मास्तरांची कूस बदलली. एकेक घडी बघत बाहेर आलो. काहीच सापडलं न्हाई.

"झालं समाधान?" डॉक्टर हसले. "उद्या ऑफिसात ये. मग बघतो तुला."

"येते," मी म्हणले.

तिथून सरळ वॉर्डात गेले. त्या बाईच्या खाटेजवळ उभी राहिले.

"मावशी, तुमचं चुकलं न्हाई. तुम्हाला नीट बघितलंच न्हाई तवा. तीन मिनिटं बघितलं आन् मी आठ लिहिलं. खोटं लिहिलं."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

शेजारी बसलेली तिची सून म्हणाली, "हे लिहून द्याल का?"

मी कागद मागितला. माझं नाव लिहिलं. काम लिहिलं. डॉक्टर काय बोलले ते जसंच्या तसं लिहिलं, मी काय केलं तेबी लिहिलं. खाली सही केली.

नोकरी जाईल. पोरीची शाळाबी जाईल. जाऊ दे. चौकशीला बोलावलं तर हेच सांगणार. न बोलावताबी जाऊन सांगणार.