सातवी ओळ

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. आत मास्तरीण कामाला लागली होती. डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावून बघितला. खुर्चीपासून तक्त्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, कारण झाडणारी बाई खुर्ची रोज वीतभर सरकवून ठेवायची. एक डोळा झाकायची पत्र्याची झाकणी स्पिरिटनं पुसली. तोवर पडद्याबाहेरच्या बाकावर म्हातारे येऊन बसले होते.

"आज काहीच दिसेना बुवा," एक म्हणाला.

"अहो, धुकं पडलंय."

"मग हरकत नाही. मला वाटलं, ऑपरेशन पाण्यात गेलं."

मास्तरीण हे पेशंटांनी ठेवलेलं नाव. बावीस वर्षं ती हातात काठी घेऊन लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेत होती. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला झाडलोटीला ठेवलं होतं. तिनं एकदा औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, ते वळणदार अक्षर डॉक्टरांनी पाहिलं आणि झाडू काढून घेऊन काठी हातात दिली. हे उपकार ती विसरली नव्हती. डॉक्टरही तिला विसरू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दाराशी फलक लावला. मोतीबिंदूच्या दर शंभर ऑपरेशनांमागे महिन्याभरानं किती जण तक्त्याची सातवी ओळ वाचतात, तो आकडा. "सगळे डॉक्टर मी उत्तम, मी उत्तम म्हणतात. मी मोजून दाखवतो. वाईट आला तर वाईट लावीन." आकडा काढायचा मास्तरणीनं, फलकावर लिहायचाही तिनंच. तो नव्वदच्या खाली कधी आला नाही. गेले सहा महिने शहाण्णव. लांबलांबून माणसं यायची, फलक वाचायची, मान डोलवायची आणि आत शिरायची. मास्तरणीलाही त्याचा तोरा होता. नात्यागोत्यात सांगत फिरायची. स्वतःच्या दिराला तिनंच हाताला धरून आणलं होतं.

धाकटा दीर शाळेची बस चालवायचा. ऑपरेशनला महिना झाला होता आणि शाळेनं कागद मागितला होता: सातवी ओळ वाचतो असा डॉक्टरांचा दाखला असेल तरच गाडीची किल्ली मिळणार होती. त्या धुक्यातनं तो तिसऱ्या नंबरला आत आला. दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"बसा भाऊजी. डावा झाका."

वरच्या चार ओळी त्यानं अडखळत वाचल्या. पाचवीला घाम पुसला. सहावीला दोन अक्षरं चुकली. मास्तरणीनं काठी सातव्या ओळीवर नेली, तिसऱ्या अक्षराखाली टेकवली.

"ग, म, र, प, ल," दीर एका दमात म्हणाला.

तिची काठी तिसऱ्या अक्षराखालीच होती.

"काय झालं? बरोबर आहे ना?"

"मी काठी तिसऱ्यावर ठेवलीय, भाऊजी. तुम्ही पहिल्यापासून सुरू केलंत."

दीर कसंनुसं हसला. "एकच झालं की. ओळ तर तीच."

"उलटं वाचा. शेवटाकडनं."

त्यानं मान पुढं काढली, डोळा बारीक केला, झाकणी नकळत खाली आली. मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, बाहेर बाकावर बसलं की सगळं ऐकू येतं. आधीचे दोघं हेच बोलून गेले. सगळ्यांनाच पाठ आहे. लिहून टाका, घरातलीच आहात."

"दिसत नाही तर सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? बाहेर शंभरात शहाण्णव लिहिलंय. मीच एकटा नापास कसा?"

मास्तरणीनं काठी भिंतीला लावली. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी ओठातल्या ओठात घोकत होतं: ग, म, र, प, ल. दोन वर्षं हा आवाज रोज तिच्या कानावर पडत होता आणि तिला वाटायचं, म्हातारा नामस्मरण करतोय.

तिनं दिराच्या कागदावर पाचवी ओळ लिहिली. डॉक्टरांनी आत तपासलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज होती. औषध घातलं तर तीन-चार महिन्यांत उतरेल म्हणाले, तोवर गाडी नाही. दीर कागद खिशात कोंबून, वहिनीकडं न बघता गेला.

दुपारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी झटकून टाकलं. मग स्वतः पडद्याआड बाकावर जाऊन बसले, दोन पेशंट ऐकले, आणि पडलेल्या तोंडानं परत आले. वेगळ्या अक्षरांचा तक्ता मागवला. गेल्या तीन महिन्यांतल्या शंभरच्या शंभर जणांना पुन्हा बोलावलं. आकडा आला एक्याऐंशी. उरलेल्या एकोणिसांपैकी अकरा जणांना सूज होती. वेळेत कळली म्हणून औषध तरी सुरू झालं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत, पण आकडा त्यांनी लावला. त्यांच्या बाजूनं एवढं बोललंच पाहिजे.

पंधरा दिवसांत बाकावर जागाच जागा झाली. औषध सुरू झालेल्या अकरा जणांनीही आभार सोडा, चार घरी जाऊन सांगितलं की आमच्या डोळ्याचं वाटोळं केलं. फलकापुढं उभं राहून माणसं बोटं मोजायची. "शंभरात एकोणीस आंधळे करतो हा? एवढं करून वर लिहून लावतो!" पलीकडच्या चौकात दुसरे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं फलक नव्हता, आणि काहीच लिहिलेलं नाही म्हणजे काही बिघडतही नसणार, असं लोकांनी धरलं. पुढं त्यांनीही फलक लावला. नव्व्याण्णव. कसं मोजलं, कुणी विचारलं नाही.

घरी जावेनं तोंड उघडलं ते असं: "ताई, दिराच्या ताटात माती कालवून तुम्हाला काय मिळालं? बढती?"

"अगं, शाळेची पोरं असतात त्या गाडीत."

"आणि आमची पोरं कुठं असतात?"

पलीकडच्या डॉक्टरनं दिराला पाच मिनिटांत दाखला दिला. औषधाच्या बाटलीचं बूचही उघडलं गेलं नाही. सोमवारपासून तो बसवर गेला.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. टेबलावर जुना तक्ता गुंडाळून ठेवलेला.

"हा लावा. दोन्ही तक्ते प्रमाणितच आहेत."

"डॉक्टर, हा सगळ्यांना पाठ आहे."

"ठाऊक आहे मला." ते कागदात बघत राहिले. "तुम्ही खरं बोललात, मी खरं लावलं. आता दोघं मिळून दवाखान्याला कुलूप लावायचं का?"

"मग फलक तरी काढा."

"फलक काढला तर लोक म्हणतील, लपवतोय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही, कारण तक्त्याचा दोरा तिनं तेवढ्यात हातात घेतलाच होता. काठी टाकून बाहेर पडली असती तर ती कुठं गेली असती? घरी, जावेच्या समोर. जुना तक्ता तिनं खिळ्यावर चढवला. महिनाअखेरीला फलकावरचं एक्याऐंशी ओल्या फडक्यानं पुसलं आणि आपल्या वळणदार अक्षरात पंच्याण्णव लिहिलं. दोघं जण तिथंच उभे होते. "बघा, सुधारला की हो माणूस," त्यातला एक म्हणाला आणि आत शिरला.

शाळा सुटायच्या वेळेला आता पिवळी बस दवाखान्यावरून जाते. मास्तरीण तेवढी पाच मिनिटं खिडकीपाशी जाते. बस वळणावर हळू होते की नाही, एवढंच बघते. परवा हळू झाली. काल जरा उशिरा झाली. आत पोरं गाणी म्हणत होती.

आजही गेली बस. मास्तरणीनं खिडकी लावली, हात धुतले आणि उद्याच्या ऑपरेशनांसाठी कापसाच्या पट्ट्या कापायला बसली. दर पट्टी चार बोटं रुंद.