शैलानं जपलेलं वळण

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी माटुंग्याच्या बाजारात केळफूल निवडत होतो. आदल्या संध्याकाळी परळच्या हॉस्पिटलात तिनंच भाजीची फर्माईश केली होती. फोन ठेवला आणि केळफूल घेऊनच घरी आलो... हातात घेतलेलं काम अर्धवट टाकलेलं माझ्या या धाकट्या बहिणीला कधी खपलं नाही. आता महिना उलटलाय, रडून झालंय. तिची आठवण आली की हल्ली बहुतेक वेळा हसूच येतं.

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही वाढलो. मी विमा कचेरीत चिकटलो, ती इंजिनीअर झाली. काही वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घातली, टोकाच्या तारांच्या जाळीत गुठळी पकडली आणि ओढून काढली. तीसुद्धा सहज नाही, वाटेत ती पुन्हा पुन्हा निसटली, कारण माझी रक्तवाहिनी एका जागी फारच वळलेली. माझ्या डोक्यात वाकडेपणा आहे असं घरचे आधीपासून म्हणतच होते, शैलाला आता त्याचा पुरावा मिळाला. तिचं कामच ते होतं. गुठळी काढण्याची ही क्रिया ती आणि तिचे सहकारी कॉम्प्युटरवर हुबेहूब घडवून बघत, निरनिराळ्या वळणांच्या रक्तवाहिन्यांत. कुठल्या वळणावर कुठली युक्ती चालते, हे रोग्याला हात लावण्याआधीच डॉक्टरांना कळावं म्हणून. माझी परवानगी घेऊन तिनं माझ्या रक्तवाहिनीचं चित्र, म्हणजे मलाही त्यात घातलं. मग कामावरून परतताना दादरला माझ्याकडे डोकवायची, आजही तुझी गुठळी निघाली नाही म्हणून सांगायची आणि पोटभर जेवून जायची.

एके दिवशी पेढे घेऊन आली. गुठळी निघाली होती! दुसऱ्या दिवशी आली ती पडेल चेहऱ्यानं.

"दादा, पेढे चुकून खाल्ले रे आपण."

झालं होतं असं की तीव्र वळणावर कॉम्प्युटरचं गणित अडकायचं, म्हणून रक्तवाहिनीचं चित्र आधी थोडं गुळगुळीत करून घ्यायची त्यांची पद्धत होती. ते करता करता माझं वळण जवळजवळ सरळच होऊन बसलं होतं. तशा रक्तवाहिनीतून गुठळी निघाली यात नवल ते काय? पण निकाल परिषदेत मांडायचा ठरला होता. तिचे सहकारी कामत म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, इतकं वाकडं वळण अपवादच, ते वगळून टाकू. शैलाच्या कॅन्सरचं निदान तेव्हा नुकतंच झालेलं. सगळं पुन्हा करायला आयुष्य पुरेल की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. मीसुद्धा म्हटलं, जाऊ दे ना, तब्येत बघ. ती रागावली नाही.

"अरे, उद्या तुझ्यासारखा कुणी टेबलावर आला, तर वळण सरळ करून या म्हणून सांगणार का त्याला?"

तिनं सगळं नव्यानं केलं, उपचार सोसत, उशीला टेकून. कुरकुरत का होईना, कामतही लागले. मूळ वळणात जाळी ओढली की ताणून चपटी व्हायची आणि गुठळी मागे राहायची, माझ्या बाबतीत झालं होतं तसंच. अखेर नळी वळणापलीकडे नेली, ओढताना नळीतून गुठळी खेचून धरणारं शोषणही लावलं, तेव्हा ती निघाली... हॉस्पिटलच्या खाटेवर लॅपटॉप उघडून तिनं मला ते दाखवलं, मूळ चित्र शेजारी ठेवून. माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला हे बघायला मिळालं याचं मला फार समाधान आहे.

गेल्या आठवड्यात कामतांनी बोलावलं म्हणून तिच्या कामाच्या खोलीत जाऊन आलो. टेबलावर दोन पडदे होते, डावीकडे कुणा नव्या रोग्याच्या रक्तवाहिनीचं मूळ चित्र, उजवीकडे चालू काम. डावा पडदा उघडल्याशिवाय आता इथं कुणी सुरुवात करत नाही, कामत म्हणाले, बाईंची सवय लागलीय. बोलता बोलता उजवीकडचं गणित वळणावर अडकलं. कामतांनी डावीकडे नीट पाहिलं, वळणाला हात लावला नाही आणि पहिल्यापासून सुरुवात केली.