पगडीचा दसरा

अभिलेखागारात धूळ रोज झटकतात. किस्से कोणी झटकत नाही, म्हणून ते साचतात! मी इथं जुनी कागदपत्रं आणि लोकांनी दिलेल्या वस्तू सांभाळतो. दिवसभर खोलीत मी आणि पंखा. मग साठलेलं कोणाला तरी सांगावंसं वाटतं, काय करता!

*

काटोलचे एक गृहस्थ आले. आमचे पूर्वज दिवाण होते, पुरावा पाहिजे म्हणाले. दोन दिवस शोधून एक मोडी अर्ज सापडला. पूर्वजांनी शेजाऱ्याच्या बकरीची तक्रार केली होती. बकरीनं धोतर खाल्लं म्हणे!

गृहस्थांचा चेहरा पडला. मग त्यांनी हळूच विचारलं, "बकरी कोणाची होती?"

मी नाव वाचलं.

"मंग बराबर हाये! ते घर आजही तसंच हाये!"

*

शाळेची सहल आली की मला बरं वाटतं. तेवढाच गलका. एकदा एक मुलगी काचेतल्या जुन्या झबल्यापाशी थांबली.

"सर, हे बाळ आता कुठं आहे?"

बाई म्हणाल्या, "चला, पुढं चला!" मुलगी गेली. मी तिथंच उभा राहिलो.

*

काम करताना मी कागदांशी बोलतो. आमच्या शिपायानं, शेषरावनं, एकदा दारातून डोकावून पाहिलं.

"साहेब, कोणासंग बोलून राहिले?"

"या कागदांशी."

"जवाब देते काय?"

"नाही रे."

"मंग घरच्यासारखंच हाये!"

दोघंही खूप हसलो. शेषराव गेला आणि मला एकदम एकटं वाटलं.

*

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका आहेत. त्यांनी पणजोबांची लाल पगडी आमच्याकडे दिली. घरी कसर लागत होती. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून, आपट्याची पानं घेऊन हजर!

"पगडीले सोनं द्याचं हाये."

"काका, पानं आत चालत नाहीत. कीड लागते."

"काहून असं करता जी? बायको गेली, पोरगा कॅनडात. घरात माह्याहून लहान कोणी नाही, मोठंही कोणी नाही. वर्षातून एक डाव कोणाच्या तरी पाया पडू द्या!"

पगडी काचेच्या पेटीतून बाहेर टेबलावर आणली. पानं पगडीपासून जरा दूर ठेवली. काकांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि वाकून टेबलाला डोकं टेकवलं.

वाकले ते वाकलेच. उठेनात. कंबर धरली की काय म्हणून शेषराव धावला. काकांनी हातानंच त्याला थांबवलं.

पाया पडलेला माणूस आशीर्वादाशिवाय उठणार कसा?

मी त्यांच्या पोराच्या वयाचा. इकडं तिकडं पाहिलं. मग पगडीच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मोठा हो, बाळा."

काका वाकलेलेच म्हणाले, "हौ जी."